आपण बावन्न वर्षांच्या आहात

कियोज्जा
इटली
सप्टेंबरचा तिसरा आठवडा, भर दुपारी, दुकानाचं दार ओढून घेऊन

तीर्थरूप इनेसताईस,

तुझ्या धाकट्या नीवेसचे दोन्ही गालांवर एकेक मुका, आणि मधे समुद्र फार असल्यामुळे वाकून नमस्कार इथूनच. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा गुडघा वाकायला लागला का? (नसेल लागला तर जाऊ दे. तरुणपणीसुद्धा ते कुणापुढे वाकल्याचं मला आठवत नाही.) अॅडलेडला आता झाडांना फुटवा आला असेल, इथे दमट वारा सुटलाय आणि दुकानातली लोकर हाताला चिकटते. आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, कारण आल्विझेला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मांजर मार्चमध्ये योलांडाकडे राहायला गेलं. फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. कारण फोनवर तू मधेच बोलतेस. पत्रात तू कितीही बोललीस तरी मला ऐकू येणार नाही, ह्या नुसत्या कल्पनेने मला किती मोकळं वाटतंय म्हणून सांगू!

आपल्या चुलत बहिणीने, म्हणजे योलांडाने, तुला फोन करून काय काय सांगितलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. एक, नीवेस म्हातारपणी एका परदेशी माणसाच्या नादी लागली. दोन, पुलावर भर बाजारात नीवेसने तिचा अपमान केला. तीन, नीवेस नगरपालिकेच्या समितीपुढे चाळीस मिनिटं बोलली. पैकी पुलावर अपमान दोघींचाही सारखाच झाला. समितीपुढे मी पंचवीस मिनिटं बोलले, आणि त्यातली पाच पाणी पिण्यात गेली. राहता राहिली पहिली गोष्ट. तिच्याकडे मी येतेच आहे, पण माझ्या रस्त्याने येऊ दे.

तर एप्रिलमध्ये एका सकाळी दुकान उघडते, तो समोरच्या कालव्यात, थेट माझ्या खिडकीखाली, एक परकी होडी. एकच डोलकाठी, काळपट लाकूड, आणि सगळं इतकं टापटीप की मला संशयच आला. आत एक माणूस पेल्यातून काहीतरी पीत बसलेला. एकटा, गप्प. ताई, आपल्या कालव्यावर सकाळी सात वाजता गप्प बसलेला माणूस तू शेवटचा कधी पाहिलास? मी एकदाच पाहिला होता, आणि डॉक्टरला बोलवावं लागलं होतं. थोड्या वेळाने तो माणूस दुकानात आला. आला म्हणजे स्वतःची घडी घालून दारातून आत शिरला आणि आत आल्यावर उलगडला, तेव्हा वरच्या फळीवरच्या लोकरीत त्याचं डोकं गेलं. नाव आरमास. फिनलंडमधल्या कोत्का नावाच्या बंदरगावात त्याने जन्मभर लाकडी होड्या बांधल्या, आणि सत्तरी गाठल्यावर आपल्याकडच्या सपाट बुडाच्या होड्या डोळ्यांनी बघायच्या म्हणून स्वतःच्या होडीतून निघाला. (मधले तीन देश होडी ट्रकवर होती. हे त्याने मागाहून आपणहून कबूल केलं. प्रामाणिक आहे.) पंधरा दिवस राहून परत जायचा बेत होता. शीड शिवायचा जाड दोरा हवा होता म्हणून माझ्याकडे आला.

मी विचारलं ते कुणीही विचारेल तेच, बरं आहे ना आपलं, कसं काय. तो माझ्याकडे बघत राहिला. मग दुकानात इकडेतिकडे बघितलं. मग खिडकीबाहेर. तेवढ्या वेळात मी दोरा काढला, गिऱ्हाइकांचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि तू अॅडलेडला कशी गेलीस त्याच्या निम्म्यापर्यंत आले. मग तो इटालियनमध्ये, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा, म्हणाला:

"मी बरा आहे. मी सत्तर वर्षांचा आहे. आपण बावन्न वर्षांच्या आहात."

ताई, मी चौसष्टची आहे. (हे वाक्य मोठ्याने वाचू नकोस.)

"आपण जुन्या आहात," तो पुढे म्हणाला, "पण बुडाला भक्कम. वादळात आपण हलत नाही. डाव्या बाजूने थोड्या झिरपता, तेवढंच."

आता डाव्या बाजूचं मला नीटसं कळलं नाही, पण बाकीचं मी जन्मात विसरणार नाही. अकरा वर्षांत पुरुषांनी माझ्याशी काढलेले सर्वांत हळवे शब्द म्हणजे "ही चेन दुसऱ्या रंगात आहे का". आल्विझे तर नवरा असून तीस वर्षांत माझ्या तळलेल्या सार्डिनींखेरीज कशालाही चांगलं म्हणाला नाही, आणि सार्डिनींनाही नुसती ताटली पुढे करून म्हणाला. मी त्या माणसाला दोरा दिला, वर एक सुई दिली, आणि लिंबाच्या रंगाचं एक बटणही दिलं, ज्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

खरा प्रकार मला चार महिन्यांनी कळला. पण तुला आत्ताच सांगून टाकते, कारण पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला माहीत आहे. आपल्या भाषेत समोरच्याला मान द्यायचा तर 'लेई' म्हणायचं, आणि पलीकडे उभ्या असलेल्या बाईला 'ती' म्हणायचं तरी 'लेई'च. जन्मापासून जिभेवर असल्यामुळे आपल्याला त्यात काही खटकत नाही. 'लेई'ची विचारपूस झाली की पाहुण्याने स्वतःची तब्येत सांगायची, एवढं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पण फिनलंडच्या भाषेत तो आणि ती हा भेदच नाही, दोघांना मिळून एकच शब्द. म्हणून आरमासने हिवाळाभर कोत्काच्या थंडीत पुस्तक पुढ्यात घेऊन मोठ्या कष्टाने घोकलं होतं की 'लेई' म्हणजे ती. मानाच्या 'लेई'चा धडा सतरावा होता, आणि हा बाराव्या धड्यावर निघाला. तेव्हा मी 'लेई'ची चौकशी केल्यावर त्याने 'ती' शोधली. दुकानात मी सोडून बाई नाही. खिडकीतून दिसली ती त्याची होडी. ही अनोळखी बाई माझ्या होडीची खुशाली विचारते आहे, काय हे गाव, काय ही माणुसकी, असं वाटून तो गहिवरला आणि होडीबद्दल सांगत सुटला. आणि प्रत्येक वाक्य 'लेई'ने सुरू केल्यामुळे ऐकणारीला ते स्वतःबद्दल ऐकू आलं. समजलं? नसेल समजलं तर पुन्हा वाच. पुढे सगळं ह्याच्यावरच आहे.

कारण हा माणूस मग गावभर फिरला. आणि गावाने त्याची विचारपूस केली, आपल्या गावाला दुसरं येतं काय! मासळीवाली लोरेडाना (तू गेलीस तेव्हा ही झबल्यात होती, आता अडतीसची आहे आणि तिचा आवाज भरतीच्या भोंग्याच्या वरताण आहे) त्याला म्हणाली, काय देऊ, काय हवं आपल्याला? तो म्हणाला, "आपल्याला खायला काही नको. वर्षातून एकदा आपल्याला उलटं करून खरवडायचं आणि डांबर फासायचं, मग आपण छान दिसता. बावन्न वर्षांच्या मानाने." लोरेडानाने त्याला आठशे ग्रॅमचा माकूळ फेकून मारला. त्याने तो झेलला, आभार मानले, आणि भेट समजून घरी नेऊन शिजवला. डॉन उलिस्से धर्मगुरूंनी विचारलं, आपण देवाला मानता ना? तो म्हणाला, "आपण फक्त वाऱ्याला मानता." धर्मगुरू म्हणाले की बिशपसाहेबांचंही माझ्याबद्दल हेच मत आहे. जूनपर्यंत गावात सरळ दोन तट पडले. बावन्नच्या पुढच्या सगळ्या बायका आरमासच्या बाजूने. बावन्नच्या आतल्या सगळ्या त्याच्या जिवावर उठलेल्या. लोरेडानाने तक्रारअर्ज काढला की ही होडी कालव्यातून हलवा, एकतीस सह्या झाल्या. पण आम्ही जुन्याजाणत्या भिंतीसारख्या उभ्या राहिलो, आणि अर्ज तिच्या बर्फाच्या पेटीवर पडून भिजला.

ह्या काळात मी त्याला शिकवायला लागले होते. रोज दुपारी तीन ते चार, दुकानात. माझा विचार असा, की इतकी चांगली नजर असलेल्या माणसाची भाषा कच्ची राहू नये. भाषेपेक्षा चालीरीतीच जास्त शिकवाव्या लागल्या. जेवणानंतर दुधाची कॉफी मागायची नाही, लोक डॉक्टरला फोन करतात. केस ओले असताना वाऱ्यात उभं राहायचं नाही. कुणाच्या घरात पाऊल टाकताना "येऊ का?" म्हणायचं. (हे त्याने इतकं मनावर घेतलं की स्वतःच्या होडीत उतरतानाही म्हणायला लागला, आणि उत्तराची वाट बघायचा.) सगळ्यात अवघड गेलं ते बोलणं. त्याने वहीत विचारून लिहून घेतलं, की इथे दुसऱ्याचं बोलणं संपलं हे कसं ओळखायचं? मी म्हटलं, संपत नाही. ते चालू असतानाच आपलं सुरू करायचं. हे वाचून तो तीन दिवस उदास होता. त्याचं असं आहे ताई, की प्रश्न विचारला की तो खरंच विचार करतो. तोवर आपला विषय दोन गल्ल्या पुढे गेलेला असतो. मी विचारलं वांगं आवडतं का, आणि मग आल्विझेच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली, तर टाके घालायच्या जागी हा म्हणाला, "हो, फार. तेलात तळलेलं." योलांडाने त्याला आमचं गाव कसं वाटतं विचारलं, आणि लगेच आपली नणंद वारल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मला अतिशय आनंद वाटतो."

म्हणून मी थांबायला शिकले. मी! तू हसतेस ते मला इथपर्यंत ऐकू येतंय. बटणांचा वाडगा मांडीवर घ्यायचा आणि तोंड मिटून मोजायचं. हवेबद्दल विचारलं तर पंधरा बटणं लागायची, जेवणाबद्दल चाळीस, आणि मनातलं काही विचारलं तर एकशे दहा. पण मग जे उत्तर यायचं ना ताई, ते खरं असायचं. आपल्याकडे लोक दिवसभर बोलतात आणि संध्याकाळी आठवून बघावं तर कुणी काहीच सांगितलेलं नसतं. एकदा पत्र कसं लिहायचं ते शिकवताना मी 'प्रिय' हा शब्द सांगितला. त्याने (सत्तर बटणं) विचार केला आणि म्हणाला, "हा मी." त्यांच्या भाषेत आरमास म्हणजे प्रिय. म्हणजे एप्रिलपासून रोज भर बारा वाजता मी खिडकीतून कालवाभर ऐकू जाईल अशा आवाजात "अहो प्रिय! अहो प्रिय! आपलं कालवण निवतंय!" म्हणून हाका मारत होते. मी म्हटलं, मग आपण आधी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, "मला वाटलं, माहीत आहे."

आता पुलाचं. ऑगस्टमधला शनिवार, बाजाराचा दिवस. मी योलांडाच्या तंबाखूच्या दुकानात पोस्टाची तिकिटं घ्यायला गेले. तिने केस रंगवले होते, गाजराच्या आसपासचा रंग. (मीही रंगवले होते, पण माझा अक्रोडाचा होता आणि शोभत होता.)

"डोळे असावेत तर त्या माणसासारखे," योलांडा म्हणाली. "मला बघितल्या बघितल्या म्हणाला, बावन्न."

मी म्हटलं, "कुणाला म्हणाला?"

"मला. वादळात हलत नाही म्हणाला. डाव्या बाजूने झिरपता म्हणाला. माझ्या डाव्या डोळ्याला धार लागते, हे माझ्या नवऱ्याच्या कधी ध्यानात आलं नाही!"

"अगं, ते तो मला म्हणाला!"

"तुला? तुला बावन्न म्हणायला तो चष्मा घरी विसरला होता का?"

"आणि तुला एकाहत्तरला बावन्न म्हणायला डोळेच काढून ठेवून आला असेल!"

इथपर्यंत दुकानात होतो. पुढची वाक्यं पुलावर झाली आणि ती लिहिण्यासारखी नाहीत. दहा मिनिटांत सगळा बाजार गोळा झाला, लोरेडाना मासे उन्हात टाकून आली. पुलाखाली होडीत आरमास शीड शिवत बसला होता. कुणीतरी ओरडलं, "त्यालाच विचारा ना!" आणि पन्नास माणसं एकदम खाली ओणवून विचारायला लागली, बावन्न वर्षांची कोण? कोण बावन्न वर्षांची? तो उठला. विचार केला. (वाडगा जवळ नव्हता, पण शंभराच्या वर गेली असती.) मग बाहीने आतल्या दाराजवळची एक पितळी पट्टी पुसली आणि बोट ठेवलं. बांधणीचं साल. लोकांनी बोटांवर हिशेब केला. बावन्न. आणि तो माणूस होडीच्या काठावर तळवा ठेवून, सासरच्या मंडळींशी बायकोची ओळख करून द्यावी तसा हसून म्हणाला, "लेई."

ताई, पन्नास माणसांनी आधी होडीकडे बघितलं आणि मग आम्हा दोघींकडे. मग लोरेडाना हसली. पोट धरून, कठड्याला टेकून, उचकी लागेपर्यंत हसली. पेटीवरचा आपला भिजका अर्ज आणून तिने तो तिथल्या तिथे फाडून कालव्यात सोडला आणि आरमासला एक माकूळ दिला, ह्या वेळी साफ करून. बावन्नच्या आतल्या सगळ्या बायका एका क्षणात त्याच्या झाल्या. आणि आम्ही? आम्ही चार महिने एका लाकडी होडीचं कौतुक स्वतःच्या अंगावर घालून मिरवलो होतो. दोघींनी नवे कपडे शिवले होते, एकीने कृत्रिम दातांचा सेट बदलला होता. संध्याकाळच्या आत योलांडाने नवा अर्ज लिहिला, की सदर होडी गावातल्या प्रौढ स्त्रियांची दिशाभूल करते, सबब ती हलवण्यात यावी. पहिली सही तिची. दुसरी सही, ताई, तू खुर्चीत बसून वाच, माझी.

मी रागात होते. राग म्हणावं की लाज, दोन्हींना चेहरा एकच असतो. तीन दिवस खिडकी उघडली नाही. चौथ्या दिवशी बरोबर तीनला तो आला, घडी घालून, वही घेऊन, आणि वहीत नगरपालिकेचा कागद. समितीने गुरुवारी बोलावलं होतं. त्याला कागद समजत नव्हता, म्हणून तो कुणाकडे येणार? त्याच्या मास्तरणीकडे. मी वाचून दाखवला. खाली अठरा सह्या होत्या. मी सतरा नावं वाचली. पहिल्या नंबरवरून सरळ तिसऱ्यावर गेले, आणि ताई, माझा आवाज सुद्धा अडखळला नाही, इतकी मी सराईत निघाले. त्याने कागद घेतला. बोट ठेवत ठेवत खाली गेला, परत वर आला. मी वाडगा मांडीवर घेतला आणि मोजायला लागले. दोनशेनंतर मला आकडे सुचेनात.

"सही," तो म्हणाला, "आपण केलीत."

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याने मानाचा 'लेई' वापरला, समोरच्या माणसासाठी, होडीसाठी नव्हे. व्याकरणात एक चूक नाही. मास्तरीण म्हणून मी त्याची पाठ थोपटायला हवी होती. माणूस म्हणून मला कालव्यात उडी घ्यावीशी वाटली, आणि कालवा दारातच होता. त्याने कागदाची चार घड्या केल्या, मला नमस्कार केला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. खिडकीच्या फटीतून बघते तर तो गोड्या पाण्याचे डबे भरत होता, दोर तपासत होता. कुणी जा म्हणायच्या आधी निघायची तयारी.

गुरुवारी अकरा वाजता मी समितीच्या दालनात पहिल्या रांगेत होते. अध्यक्ष पेन्झो साहेबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? मी उभी राहिले. त्यांनी नोंदीसाठी नाव आणि जन्मसाल विचारलं. योलांडाने कानामागे हात धरला. तिच्यामागे सगळं गाव. मी साल सांगितलं, ताई. खरं. ठणठणीत आवाजात. मागच्या बाकावर कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मग मी बोलले, वर सांगितलं तितका वेळ, आणि शेवटी म्हटलं की मी सही मागे घेते.

"सही मागे घेता येत नाही!" योलांडा ओरडली.

"तू साखरपुडा तीनदा मागे घेतलास, मी सही एकदा घेते!"

घंटा वाजवून वाजवून पेन्झो साहेबांचा हात दुखला असेल. मग त्यांनी आरमासला विचारलं, आपल्याला काय म्हणायचंय? तो उठला. डोकं दिव्याला लागलं. त्याने विचार सुरू केला, आणि अर्थात सेकंदभरात सगळं दालन एकदम बोलायला लागलं, त्याला काही म्हणायचं नाही, त्याला कळलंच नाही, लिहा नकार. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी बाकावर चढले. (योलांडा म्हणाली असेल खुर्चीवर. बाकावर.)

"गप्प बसा!" मी म्हटलं. "माणूस विचार करतोय!"

आणि कियोज्जा गप्प बसलं. लोरेडानाने स्वतःच्या तोंडावर स्वतःचा तळवा दाबून धरला, तिचे डोळे बाहेर आले होते. भिंतीवरचं घड्याळ चालतं हे त्या दिवशी आम्हाला कळलं. किती वेळ गेला कोण जाणे, मग तो म्हणाला:

"मी हळू बोलतो. इथे सगळे एकदम बोलतात. मी आत यायला दार शोधतो, दार मिळत नाही." पुन्हा थांबला. कुणी हललं नाही. "ह्या बाई थांबतात. थांबायला ह्यांना फार त्रास होतो, मी रोज बघतो. तरी थांबतात." मग योलांडाकडे वळून म्हणाला, "सही बरोबर होती. मला शब्द उशिरा कळला. मी आपल्याला दुखवलं. मी इथेच राहून शिकेन. दुसरीकडे शिकून मला काय करायचंय?"

योलांडाच्या दोन्ही डोळ्यांना धार लागली. तिने अर्ज मागितला, पर्समध्ये कोंबला आणि म्हणाली, हा कागद मला फार कच्चा वाटतो, पुन्हा लिहीन कधीतरी. पेन्झो साहेबांनी पुढच्या एप्रिलपर्यंत होडीला जागा दिली, एका अटीवर, की गृहस्थांनी गावात कुणाचंही वय सांगू नये. लोरेडाना मागून ओरडली, "आणि नोंदवहीत माझं अडतीस लिहा, जाहीरपणे!"

त्याच दिवशी तीन वाजता तो दुकानात आला. वही उघडली नाही. नुसता बसला. आता अहो-जाहो सोडून एकेरीवर यायचं का, हे आपल्यात बाईने विचारायचं असतं, पुरुषाने नाही, एकविसावा धडा. तो त्याने वाचलेला होता, म्हणून तो विचारत नव्हता. आणि ताई, ज्या तोंडाने मी सगळं गाव गप्प केलं, ते उघडेना. मी काउंटर पुसला. पुन्हा पुसला. रिबिनीचं रीळ उलगडलं आणि गुंडाळलं. तो थांबला होता. त्याला थांबायचा काही त्रास होत नाही, त्याचं तेच बरं आहे. शेवटी मी रिबिनीकडे बघत म्हटलं, "तू कॉफी घेणार?"

एवढंच. चौसष्ट वर्षं बोलते आहे, पण एवढंसं वाक्य इतकं जड कधी गेलं नव्हतं.

तो "हो" म्हणाला. लगेच.

भावोजींना नमस्कार, नातवंडांना पापे, आणि त्यांना निदान भांडण्यापुरती तरी आपली भाषा शिकव.

तुझी धाकटी,
नीवेस

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. ऑक्टोबरपासून कालव्यावर धुकं धरतं आणि होडीत झोपणं सत्तरीच्या माणसाला बरं नाही. दुकानावरच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची तुझ्या वाटणीची आहे, आणि तू ती बावीस वर्षं बंद ठेवली आहेस. हिवाळ्यापुरती आरमासला देशील का? माणूस स्वच्छ आहे, घोरत नाही (असं त्याचं म्हणणं), आणि भिंतींना रंग स्वतः देईन म्हणतो. तू नीट विचार करून कळव. खोली तुझी, निर्णय तुझा, मी चकार शब्द बोलणार नाही.

दुसरा ता. क. समितीपुढे मी माझं जन्मसाल सांगितलं हे वर आलंच आहे. त्यावरून लोकांनी तुझंही काढलं. गेल्या वर्षीच्या भेटीत तू भावोजींच्या देखत गावभर एकसष्ट सांगून गेली होतीस, आणि मी तुझ्याहून तीन वर्षांनी धाकटी आहे हे इथे सगळ्यांना पाठ आहे. योलांडा भावोजींना कळवणार होती. मी तिला थांबवलंय, पण तिला आठवड्याला सार्डिनींची एक थाळी लागते.

तिसरा ता. क. तो मंगळवारीच राहायला आला. पत्र टपालात पडायला उशीर झाला ना, म्हणून. तुझा लग्नातला अक्रोडी पलंग त्याला आखूड पडत होता, पाय बाहेर अधांतरी राहायचे, तेव्हा पायाकडची फळी कापावी लागली. ती कोरीव द्राक्षांची. वाया गेलेली नाही. होडीत तिचं भांडी ठेवायचं फडताळ केलंय, आणि खरं सांगते, पलंगापेक्षा तिथे जास्त शोभते. सबब नाही म्हणायचं असेल तर सावकाश म्हण. घाई नाही.